कोकणात राहायला जायचंय, पण कुठल्या जागेत?

ताई, नमस्कार.
आम्ही दोघं डोंबिवलीला राहतो. हे पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होतायत. मुलगी बंगळुरूला स्थायिक झालीये, त्यामुळे आता कोकणात जाऊन राहावं असं दोघांच्याही मनात आहे. तीन पर्याय समोर आहेत. चिपळूणला बाजारपेठेजवळ दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दापोली तालुक्यात डोंगरउतारावरचा समुद्र दिसणारा सहा गुंठ्यांचा प्लॉट (एजंट जेसीबी लावून सपाट करून द्यायला तयार आहे), आणि खेड तालुक्यात घाटाच्या पायथ्याला सासऱ्यांचं जुनं घर. माझा भाऊ नागपूरला असतो. तो म्हणतो, कोकणात दरवर्षी काही ना काही होतं, इकडे या, इथे काहीच होत नाही. मी रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, पुणे आणि नागपूर असा पाच जिल्ह्यांचा तक्ता केला. पूर, वादळ, दरड, भूकंप, समुद्राची धूप अशा प्रत्येक संकटाला पाचपैकी गुण दिले. रत्नागिरीला सर्वांत जास्त धोका निघाला, नागपूरला सर्वांत कमी. ह्यांना तक्ता पटत नाही, मला झोप लागत नाही. कोणता जिल्हा निवडू?
– एक वाचक, डोंबिवली

नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबतचा तक्ता, दोन्ही लक्षपूर्वक वाचलं. आयुष्यभराची पुंजी घालण्याआधी एवढा विचार करणारी माणसं कमी भेटतात, म्हणून आधी तुमचं मनापासून कौतुक. पण तक्त्याने जे उत्तर दिलंय त्यावर घर घेऊ नका, आणि घर घेणं रद्दही करू नका. जिल्हा निवडून हा प्रश्न सुटणारा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातच चिपळूणची बाजारपेठ आहे आणि दापोली कॅम्प, म्हणजे दापोली शहरही आहे. बाजारपेठ वाशिष्ठीच्या काठी, खाडीची भरती जिथवर जाणवते अशा सखल जागी. कॅम्प समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून उंच. तुमच्या तक्त्यात पुराच्या रकान्यात दोघांना सारखेच पाच गुण मिळालेत. कोकणची जमीनच अशी आहे की दोन शेजारच्या वाड्यांचं नशीब वेगळं असतं. एक पऱ्याच्या, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्याच्या, अलीकडे, एक पलीकडे, एवढ्यानेही फरक पडतो.

दुसरी अडचण बेरजेची. दरडीचे चार आणि वादळाचे चार मिळून कागदावर आठ होतात, पण ही दोन संकटं एका मापाची नाहीत. ती एकाच रकान्यात बसवली की तक्ता नीटनेटका दिसतो आणि मुख्य गोष्ट नजरेआड होते. मी स्वतः धोक्यांची क्रमवारी लावते ती एकाच प्रश्नावर: हे संकट यायच्या आधी आपल्याला घराबाहेर पडायला किती वेळ मिळतो? तुम्ही दोघं साठीच्या आसपासची माणसं. घर पुन्हा बांधता येईल, कौलं पुन्हा चढवता येतील. म्हणून जे संकट वेळच देत नाही, ते कितीही क्वचित येत असलं तरी माझ्या यादीत सर्वांत वर असतं.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही, गेल्या काही वर्षांत कोकणाने ते भोगलंय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, पत्रे आणि कौलं उडाली, खांब पडले, काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. पोफळीची बाग पुन्हा उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे तो फटका बागायतदारांच्या पुढच्या अनेक वर्षांना बसला. पण हवामान विभागाचे इशारे दोन दिवस आधीपासून येत होते, किनाऱ्यावरची माणसं शाळांत आणि पक्क्या इमारतींत हलवली होती, आणि एवढ्या मोठ्या वादळात जीव गेलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. दुसरीकडे २२ जुलै २०२१. महाड तालुक्यातल्या तळीये गावातल्या एका वाडीवर डोंगर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ ला दरड आली ती रात्री, लोक घरात असताना. वादळाचं नुकसान कितीतरी जास्त गावांत पसरलेलं होतं, तरी माणसं घेतली दरडीने. तुमच्या तक्त्यात दोघांना चार-चार गुण आहेत.

पूर या दोघांच्या मधला. कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेलं पाणी काही तासांत खाडीला येतं, आणि त्याच वेळी समुद्राला उधाण असेल तर खाडी पाणी घेत नाही, ते मागे तुंबतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. त्यात वाशिष्ठीचा प्रकार आणखी निराळा. कोयनेचं वीजनिर्मिती करून सोडलेलं पाणीही कोळकेवाडीमार्गे याच नदीत येतं. नदीचं पात्र गाळाने उथळ झालेलं. २००५ चा पूर पाहिलेल्यांनाही २०२१ चं पाणी अनपेक्षित होतं. सांगली-कोल्हापूरला कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढायला वेळ घेतं आणि मग दिवसेंदिवस हलत नाही. आपल्याकडे ते तासांत चढतं आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं, मागे चिखलाचा थर ठेवून. म्हणून इथे दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याचा जीव सहसा सुरक्षित असतो. हाल होतात ते वेगळ्या गोष्टींचे: वीज नाही, लिफ्ट नाही, प्यायला पाणी नाही, गाडी बुडालेली, आणि नेमका त्या दिवशी दवाखान्यात जायची वेळ आली तर वाट नाही.

भूकंपाबद्दल तुम्ही रत्नागिरीला तीन गुण दिलेत, ते मला योग्य वाटतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला, आणि कोयना म्हणजे चिपळूण-खेडच्या डोक्यावरच्या डोंगरापलीकडची जागा. उत्तर कोकणात, पालघरच्या डहाणू-तलासरी भागात २०१८ च्या नोव्हेंबरपासून लहान धक्क्यांची मालिका लोकांनी अनुभवली. भूकंप पूर्वसूचना देत नाही, म्हणून माझ्या हिशेबात तो दरडीच्या शेजारी बसतो. एक फरक मात्र आहे. भूकंपाविरुद्धची तयारी घर बांधतानाच करता येते. पायाच्या, दारा-खिडक्यांच्या वरच्या आणि छताच्या पातळीला चारही भिंतींना बांधून घेणारा आरसीसी पट्टा घातला, तर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घरही धक्क्याला बऱ्यापैकी टिकतं. डोंगर घरावर आला तर कोणताही पट्टा कामाचा नाही.

तुमच्या भावाचं म्हणणं प्रेमापोटी आहे, पण 'इथे काहीच होत नाही' हे कोणत्याच गावाबद्दल म्हणू नये. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. शिवाय विदर्भाचा मे महिना हे स्वतःच एक संकट आहे. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि उष्माघात सर्वांत आधी गाठतो तो वयस्कर माणसाला. त्याची बातमी पुरासारखी पहिल्या पानावर येत नाही, म्हणून तो तक्त्यातही आला नाही. आणि पुणं? खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने आणि पावसाने सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत जुलै २०२४ मध्ये काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल.

सरकारी नकाशे जरूर बघा, पण नकाशात नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. पुढे नकाशातून तो पहिला झोनच काढून टाकला. इर्शाळवाडीही दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. नकाशात धोका दाखवला असेल तर तो खरा माना. दाखवला नसेल तर जागेवर जाऊन बघायचं काम अजून बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमच्या तीन जागा.

दापोलीचा समुद्र दिसणारा प्लॉट घेऊ नका. हे मी एवढ्या ठामपणे लिहितेय त्याला कारण त्या एजंटने देऊ केलेली जेसीबीची सोय. आपल्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर वर जांभ्याचा थर असतो, भेगाळलेला, सच्छिद्र. पाऊस त्यातून सरळ खाली झिरपतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याखालच्या पिवळट-पांढऱ्या चिकण मातीवर येऊन थांबतो. तिथे निसरडं होतं. उतार शाबूत असतो तोवर खालची माती वरच्याला पाठीने धरून असते. प्लॉट सपाट करायचा म्हणजे नेमका हाच आधार कापायचा. मग मागे दोन-तीन पुरुष उंचीची लाल मातीची उभी भिंत राहते, घर तिच्यापासून चार पावलांवर, आणि पुढच्या बाजूला त्याच मातीचा भराव, ज्याच्यावर अंगण आणि कधी कधी अर्धं घर. पहिले दोन-तीन पावसाळे काही होत नाही. त्यानंतर एखाद्या जुलैत चार दिवस संततधार लागते, भिंतीच्या मधोमध ओल फुटते, पाण्याची धार दिसू लागते. परशुराम घाटात महामार्गासाठी डोंगर कापल्यावर पावसाळ्यांत काय काय झालं, रस्ता किती वेळा बंद ठेवावा लागला आणि खालच्या पेढे गावाने काय सोसलं, हे त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथे सरकारी यंत्रणा आणि इंजिनिअर होते. तुमच्या सहा गुंठ्यांच्या मागे कोण असणार? समुद्र बघायला सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या सपाटीवरून, रोज संध्याकाळी खाली जाता येतं. त्यासाठी उताराला घर टांगायची गरज नाही.

चिपळूणच्या फ्लॅटला माझा सरसकट नकार नाही. तिथे बाजार आहे, स्टेशन आहे, डॉक्टर आहेत, डेरवणचं मोठं रुग्णालय फार लांब नाही. साठीनंतर या गोष्टींचं मोल फार असतं. पण व्यवहाराआधी नगर परिषदेत जाऊन पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ही भाषा फसवी आहे, म्हणून हिशेब करून सांगते. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी शंभरात चार एवढी शक्यता. तुम्ही तिथे वीस वर्षं राहिलात, तर त्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. लाल रेषेसाठीही ती जवळजवळ अठरा टक्के भरते. म्हणजे निळ्या रेषेच्या आत घर घेणाऱ्याने 'आला तर' असा विचार न करता 'येईल तेव्हा' असाच करायला हवा. आणि त्या इमारतीखालच्या दुकानदाराशी बोला. चिपळूणच्या बाजारातला जुना दुकानदार तुम्हाला भिंतीवर हात ठेवून दाखवेल, हे पाच सालचं पाणी आणि हे एकवीस सालचं. माल तो कुठल्या फळीपर्यंत ठेवतो तेही बघून घ्या. इमारतीचं मीटर, पाण्याचा पंप आणि जनरेटर तळाला असतील, तर दुसऱ्या मजल्यावर राहूनही पूर आल्यावर तुम्ही अंधारात आणि तहानलेल्या राहणार. गाडी उंचावर नेऊन लावायला शहरात ओळखीची जागा आहे का, तीही आधीच ठरवून ठेवा.

खेडच्या घराबद्दल मला न बघता मत देता येणार नाही, पण काय बघायचं ते सांगते. घाटाच्या पायथ्याच्या वाड्या हा सर्वांत नाजूक पट्टा. खेड तालुक्यातल्या पोसरे गावावरही २०२१ च्या त्याच जुलैत दरड आली होती. सासऱ्यांचं घर दोन-तीन पिढ्या उभं आहे ही जमेची बाजू खरी, पण पावसाची रीत बदललीय आणि डोंगरावर मधल्या काळात काय झालंय हे घराला माहीत नाही. वर रस्ता झालाय का, झाडं तोडलीत का, कुणी चर किंवा तळं खोदलंय का? गावातल्या गुराख्याला किंवा रानात जाणाऱ्या म्हाताऱ्याला सोबत घेऊन घराच्या वरच्या अंगाला चढा. जमिनीत आडव्या भेगा दिसतात का ते बघा. झाडांची खोडं बुंध्याशी उताराच्या दिशेने वाकून मग सरळ वर गेली असतील, तर ती माती वर्षानुवर्षं हळूहळू सरकतेय. गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं, मधेच पोट काढून फुगलेले दिसले तरी तोच अर्थ. घराजवळ पऱ्या असेल तर तो डोंगरातून बाहेर पडतो त्या तोंडाशी उभ्या राहा. तिथे पुरुषभर उंचीचे धोंडे आणि गोटे पंख्यासारखे पसरलेले असतील, तर ते कधीतरी वरूनच आलेत, आणि वाडी त्याच वाटेवर वसलीय. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडींचे नकाशे 'भूकोश' संकेतस्थळावर मिळतात, तेही बघा आणि तहसील कार्यालयात गावाचं नाव यादीत आहे का विचारा. यातली एकही खूण दिसली, तर तिथे पावसाळ्यात राहू नका. गणपतीला आणि शिमग्याला जा, मे महिन्यात आंबे खायला जा, घर राखा. जून ते सप्टेंबर मात्र दुसरीकडे काढा.

तुम्ही न विचारलेला चौथा पर्याय मला जास्त पसंत आहे: सड्यावरच्या एखाद्या मोठ्या गावात किंवा दापोलीसारख्या उंचावरच्या शहरात, सपाटीवर, कड्यापासून आत, तयार घर किंवा फ्लॅट. पूर नाही, दरड नाही, उधाण नाही. उरतात भूकंप आणि वादळ. भूकंपासाठी घराला वर सांगितलेले पट्टे आहेत का ते बघा. वादळ आधी कळवून येतं, आणि घराला स्लॅब असेल किंवा कौलांखालचं लाकूड आणि त्याचे जोड मजबूत असतील तर निभावतं. सड्याची किंमत वेगळीकडे मोजावी लागते, ती म्हणजे पाणी. जिथे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो हे बाहेरच्यांना खोटं वाटतं, पण कातळावर पाणी थांबत नाही. विहीर मेअखेर किती हात पाणी धरते, नळाला दिवसाआड पाणी येतं की आठवड्याने, हे मे महिन्यातच जाऊन विचारा. आणि मोकळ्या सड्यावर ऑक्टोबरच्या विजा वाईट. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर घेऊन ठेवा.

समुद्राला अगदी लागून घर शोधायचा मोह झाला तर देवबागला एकदा जाऊन या. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये अरुंद पट्टी, आणि समुद्र ती खात चाललाय. रत्नागिरीच्या मिऱ्यालाही बंधाऱ्याचीच लढाई चाललीय. धूप हे संकट वेळ भरपूर देतं, जीव सहसा घेत नाही, पण जमीन परत देत नाही.

मार्चनंतर लगेच व्यवहार करू नका. पुढचा पावसाळा चिपळूणला किंवा दापोलीला भाड्याने काढा, आणि तुमच्या मनातली जागा भर जुलैत, संततधारेत बघा, जमल्यास अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीच्या वेळी. एजंट जागा दाखवायला डिसेंबरात बोलावतात, तेव्हा सगळं कोकण सुरक्षित दिसतं. 'आत्ताच इसार द्या नाहीतर जागा जाईल' म्हणत असतील तर जाऊ द्या. त्या मुक्कामात ह्यांच्या आणि तुमच्या नेहमीच्या गोळ्या किमान पंधरा दिवस पुरतील एवढ्या घरात ठेवा आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक शेजाऱ्यांच्या क्रमांकांसोबत कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण मोबाइल बंद पडतात.

घर झाल्यावर विमा घ्या. २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. तिच्यात पूर, वादळ, भूकंप आणि दरड येतात. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरवा. जमिनीची किंमत त्यात धरू नका. पण किनाऱ्याची किंवा नदीकाठची धूप आणि भरावाची जमीन खचणं या गोष्टी त्यातून वगळलेल्या आहेत. दापोलीचा तो प्लॉट घेऊन भरावावर घर बांधलं असतंत आणि ते खचलं असतं, तर विम्याकडूनही काही हाती आलं नसतं. सही करण्याआधी ही कलमं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे तुमच्या दोघांतला वादही मिटेल.